आवक वहीतली सुकेळी

मेजरसाहेबांनी आवक वही माझ्याकडे वळवली आणि एका नोंदीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"सुकेळी, सर. एक पार्सल."

"ते मला वाचता येतं. हे लिहिलं कुणी?"

"मी."

तुम्ही राहता तिथे सुकेळी मिळत नसणार, म्हणून सांगते. राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवतात. मधासारखी चिकट झाली की केळीच्याच वाळक्या सोपटात घट्ट बांधतात. आमच्या वसईकडे पहिली सुकेळी तयार झाली की शेजारी, डॉक्टर, मास्तर अशांना वाटायची रीत आहे. त्यात काही मागणं नसतं.

मी तेव्हा मुंबईतल्या एका कॉलेजात, कॅडेट कोअरच्या ऑफिसात क्लार्क-टायपिस्ट होते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. कॉलेज करता करता मुलं पहाटे परेडला येत, सुट्टीत कॅम्पला जात, सर्टिफिकेटची परीक्षा देत. पुढे सैन्यात ऑफिसर व्हायचं तर मेजरसाहेबांची शिफारस लागे. शिफारस झालेल्या मुलांची यादी वर्षातून एकदा वर जाई, आणि मग ती मुलं सिलेक्शन बोर्डापुढे उभी राहत.

त्या वर्षी यादीत सहा नावं होती. चौथं मोरेश्वर राऊतचं. आगाशीचा, बागायतदाराचा मुलगा. परेडच्या दिवशी अंधारात सायकल मारत विरार स्टेशन गाठायचा. दोन वर्षांत त्याची एकही परेड चुकली नव्हती.

त्याच्या वडिलांनी मला वसईच्या बाजारात गाठलं आणि पुडकं हातात दिलं. "तुमच्या साहेबांना द्या." मी वसईचीच. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पण ऑफिसात जे येईल ते आवक वहीत चढवायचं, हा नियम. मी तो पाळला. 'कॅडेट राऊत यांच्या वडिलांकडून, साहेबांसाठी, सुकेळी, पार्सल एक.' नेमकी त्याच्या वरची नोंद होती यादी मागवणाऱ्या हेडक्वार्टरच्या पत्राची.

"तुम्ही न लिहिता टेबलावर ठेवली असती तर मी खाल्ली असती," साहेब म्हणाले. "आता हा कागद झाला. उद्या तपासणीला आलेला माणूस काय म्हणेल? केळी दिली, शिफारस घेतली."

"खोडू का, सर?"

"खोडलेलं तर आधी दिसतं." त्यांनी वही मिटली. "पार्सल परत करा. मिळाल्याची सही आणा. सोमवारी सही नसेल तर राऊतचं नाव गाळून यादी टाइप करा."

तो शुक्रवार होता. आठवड्याची माझी सुट्टी एकच, रविवारची. ती गेली. विरारला उतरून टांगा केला, पुढे वाडीतल्या पाटाच्या कडेनं चिखल तुडवत राऊतांचं घर गाठलं. पुडकं ओट्यावर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

मोरेश्वरच्या वडिलांना गावात सगळे भाऊ म्हणत. ते पुडक्याकडे बघत राहिले.

"खराब निघाली का?"

"नाही हो भाऊ. उघडलीच नाहीत."

"मग मी साहेबाकडे हात पसरला, असं झालं का?"

"तसं कुणी म्हणत नाही. नियम आहे."

"नियम तुमचा. आमच्या घरातून दिलेलं परत उंबऱ्याच्या आत येत नाही. मी सही करायचा नाही."

मोरेश्वर खांबाला टेकून उभा होता. "भाऊ, माझं नाव जाईल."

"जाऊ दे. वाडी आहे ना."

मग मोरेश्वर मलाच म्हणाला, "बाई, नाव गाळा तुम्ही. भाऊंना आणखी नका सांगू."

मी सहीचा कागद घडी करून पिशवीत टाकला. वाद घालायचं त्राण नव्हतं. तेवढ्यात त्याची आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"बाई, तुम्ही पहिल्यांदाच आमच्याकडे आलात ना?"

"हो."

"मग हात हलवत थोड्याच आलात? हे पुडकं तुम्हीच आणलंत." ती नवऱ्याकडे वळली. "पाहुणीनं आणलेलं तरी घ्याल की नाही?"

भाऊंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणा तो कागद," ते म्हणाले.

'सुकेळी, पार्सल एक, मिळाले.' खाली सही. निघताना मोरेश्वरच्या आईनं माझ्या पिशवीत दुसरं पुडकं घातलं, पहिल्यापेक्षा मोठं. पाहुणीला रिकामी पाठवत नाहीत. त्याची नोंद मी कुठेही केली नाही.

सोमवारी सहाही नावं गेली. मोरेश्वर बोर्डापुढे उभा राहिला आणि चार दिवसांत परत आला. नापास. कारण सांगत नाहीत. त्या दिवशी मला टाइपरायटरचं झाकण काढायचाही कंटाळा आला.

पुढच्या वर्षी पुन्हा यादी, पुन्हा त्याचं नाव, पुन्हा मीच टाइप केलं. यादी जाईपर्यंत आगाशीहून काही आलं नाही. या खेपेस तो निवडला गेला.

तो ट्रेनिंगला गेल्यावर पंधरा दिवसांनी भाऊ स्वतः ऑफिसात आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, काखेत पुडकं. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं.

"आता लिहा वहीत," ते म्हणाले. "आता आमचं काही मागणं नाही."

साहेब आतून ऐकत होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी नोंद केली. शेवटच्या रकान्यात पुढे काय कार्यवाही झाली ते लिहायचं असतं. संध्याकाळी चहाबरोबर पुडकं संपल्यावर मी तिथे लिहिलं, 'खाल्ली.'

तपासणीच्या माणसानं त्या वर्षी दोन्ही वर्षांची वही चाळली. सुकेळ्यांच्या दोन्ही नोंदी वाचल्या आणि पान उलटलं. त्याला फक्त टाचण्यांचा एक डबा कमी कसा, एवढंच विचारायचं होतं.

नोंदीला माणसं जितकी भितात, तितकी ती कुणी वाचत नाही. तरीही ठेवावी. फक्त लिहिण्याआधी, आलेलं ते टपाल आहे की खाऊ, तेवढं बघून घ्यावं.