सुलभाताई आणि पिवळा पडलेला चहा

परदेशात, पिस्कॅटवेच्या विद्यापीठात शिकायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात डॉ. सुलभा केतकर यांची भेट झाली. नागपूरहून आणलेले माझे आलेख त्यांनी बारकाईने पाहिले आणि म्हणाल्या, "फार सुरेख आलेत. म्हणूनच शंका येते." चहाच्या जमिनींचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या ताईंच्या स्वभावाची ती पहिली ओळख.

त्यांचा हा संशयी स्वभाव एखाद्याच्या किती कामी येतो, हे मी पुढे याच देशाच्या दक्षिणेतल्या एका लहानशा चहामळ्यावर पाहिले. झुडपे पिवळी पडत होती. शेजारचा म्हातारा शेतकरी मुद्दाम तणनाशक फवारतो, अशी मालकाची खात्री होती. दोघांत हद्दीवरून जुना वाद होता. वकीलही ठरला होता. ताईंनी फक्त दुजोरा द्यायचा होता. आम्हाला पाहताच शेजारी घाईघाईने आत गेला, तेव्हा मलाही राहवेना.

"यानंच केलंय, ताई," मी कुजबुजलो.

"मग कुंपणालगतची झुडपं हिरवी कशी?"

ताई मळ्याच्या आतल्या भागात गेल्या. तिथे कोवळी पाने पिवळी होती, शिरा तेवढ्या हिरव्या.

"पाणी कुठलं देता?" त्यांनी विचारले. मालकाने अभिमानाने नवी बोअरवेल दाखवली. कुंपणालगतच्या झुडपांपर्यंत तिचे पाणी पोचत नव्हते.

तपासणीत त्या पाण्यात भरपूर चुना निघाला. चहाला आम्लधर्मी माती लागते. पाण्यामुळे मातीचा सामू वाढला होता, म्हणजे आम्लता घटली होती, आणि झुडपांना लोह मिळेनासे झाले होते.

तरी ताईंचे समाधान होईना. "मला त्या म्हाताऱ्याची दया आली असेल, तर?" असे म्हणून त्यांनी तेच नमुने निनावी करून दुसऱ्या लॅबला पाठवले, तणनाशकही शोधायला सांगितले. ते सापडले नाही. चुन्याचे उत्तर मात्र तेच आले. मगच त्यांनी मालकाला फोन केला.

"म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूच्या!" तो भडकला.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका," ताई शांतपणे म्हणाल्या. "एका कोपऱ्यात माती पुन्हा आम्ल व्हायला गंधक घाला, पावसाचं साठवलेलं पाणी द्या आणि स्वतः बघा."

पुढच्या पालवीला तेवढाच कोपरा हिरवागार झाला. मालकाने वकिलाला नको म्हणून कळवले आणि शेजाऱ्याकडे माफी मागायला गेला. म्हाताऱ्याने त्याला घरात बोलावले नाही. पण स्वतः बाहेर येऊन त्याच्याजवळ पायरीवर बसला.

ताईंना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गुडघे दुखतात, तरी नमुना घेताना मातीत बसण्याचा हट्ट त्या सोडत नाहीत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि त्यांना उठताना हात देण्याचे भाग्य आम्हा विद्यार्थ्यांना पुष्कळ वर्षे मिळो.