पाचवी सवाष्ण

आमच्या गावात भारतमातेवर जेवढी भाषणं झाली, ती बहुतेक सगळी एका विधवेनं लिहिलेली होती. गाव कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातलं, शाळा मराठी, बाजार कानडी. सरपंच असोत की हेडमास्तर, पंधरा ऑगस्ट जवळ आला की सगळे तिच्या ओसरीवर. म्हणून ती भाषणअक्का.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ती लिहायची. ‘स्त्री हीच राष्ट्राची शक्ती’ हे वाक्य प्रत्येक भाषणात असायचंच. मी एकदा चिडवलं, “अक्का, दरसाल तेच?” मान वर न करता म्हणाली, “ऐकणारे बी तेच हायत की ग.”

झेंडा चढवण्याआधी भारतमातेच्या तसबिरीला पाच सवाष्णींनी ओवाळायचं, ही आमच्याकडची पद्धत. रांगोळी अक्का काढायची, वाती तीच वळायची, तबकही तीच भरायची. ओवाळायची वेळ झाली की मात्र नळापाशी जाऊन उभी राहायची. तिला कोणी जा म्हणालं नव्हतं. म्हणायची वेळच ती येऊ देत नसे, आणि त्याचाच मला राग यायचा.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी पाचवी बाई तापानं पडली. चौघीच उरल्या. तबक अक्काच्या हातात होतं. हेडमास्तर इकडं तिकडं बघायला लागले. आता तिलाच म्हणतील, असं मला वाटलं. तिलाही वाटलं असावं, कारण त्या दिवशी ती नळाकडं वळली नाही. पण कोणी काही बोललं नाही. मीही नाही. शेवटी तिनंच तबक माझ्यापुढं केलं. “धर ग. पोरं उनात उभी हायत.”

मी धरलं. मी ओवाळत होते तेव्हा सरपंच माईकवर तिचंच वाक्य वाचत होते.

घरी जाताना ती थकून म्हणाली, “तसबिरीतल्या बाईच्या कपाळाला बी कुंकू हाय. तिचा नवरा कोन, कुनी इचारलंय का?” मला हसू आलं नाही.

अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. भाषणं आता मोबाईलवर मिळतात. तबक भरायचं काम माझ्याकडं आलं. गेल्या चैत्रात आमचे हे गेले. यंदा मी तबक भरलं आणि कोणी सांगायच्या आत शेजारच्या नव्या सुनेपुढं धरलं.

“काकू, तुमी कामून न्हाई?” तिनं विचारलं.

एवढंच मला त्या दिवशी अक्काला विचारता आलं नव्हतं. मी तबक माघारी घेतलं आणि ओवाळलं. बाकीच्यांतली एक मागं सरली. सरली तर सरली.