मोटारसायकलची दुर्बीण

भाचीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी मी आमच्या मोटारसायकलच्या पोटात कॅमेरा घातला.

साक्षगंध सडक अर्जुनीला, आम्ही बिरसीच्या विमानतळाजवळच्या खेड्यात. आमचे हे मुलीचे सख्खे मामा आणि मामाकडची साडी आमच्या पिशवीत. दादा आल्याशिवाय बुद्धवंदना सुरू होणार नाही, असं नणंदेनं बजावून ठेवलं होतं. सकाळची एसटी आम्ही मोठ्या ऐटीत सोडली, कारण घरची गाडी होती. चुरणीच्या, म्हणजे धानाच्या मळणीच्या, धांदलीत ती बरेच दिवस ओसरीवर धानाच्या पोत्यांशेजारी उभी होती, एवढंच.

ह्यांनी किक मारली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा किक, पुन्हा खोकला. डोक्यावरून शिकाऊ विमान घिरटी घालून गेलं. (कालपरवा शिकायला लागलेली पोरं आभाळात, आणि आमची गाडी ओसरीवरून उतरेना!) ह्यांनी मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, इंजिन खोलावं लागते, दुपार होईल.

दुपारीच तर साक्षगंध! माझ्या अंगात एकदम बळ संचारलं. "खोलायचं कायले? आधी आत पाहू," मी म्हटलं आणि कपाटातून माझा कॅमेरा काढला. वायरीच्या टोकाला वाटाण्याएवढा डोळा, भोवती बारके दिवे. वायर मोबाइलला जोडली की आतलं सगळं पडद्यावर. तुंबलेल्या मोरीत डोकावायला मी तो ऑनलाइन मागवला होता. तेव्हा ह्यांनी नाक मुरडलं होतं. आता मुकाट्यानं प्लग काढून देत होते.

वायर आत सरकली. पडद्यावर काळीकुट्ट गुहा. मला तर चंद्रावर उतरल्यासारखं झालं. तेवढ्यात शेजारच्या कौसाबाई आल्या.

"काऊन वो, गाडीची दुर्बीण करून राहिले का?"

त्यांच्या नवऱ्याची नागपुरात दुर्बिणीनं तपासणी झाली होती, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा पहा खडा. आमच्या बुढ्याचा असाच होता." ती पिस्टनवरची काजळी आहे, असं ह्यांनी सांगून पाहिलं. कौसाबाईंनी भरपूर पाणी पाजायला सांगितलं. गाडीला.

मी वायर वळवली, वॉल्व दिसू लागला, आणि पडद्यावर नणंदेचा फोटो आला. कॅमेरा मोबाइलवर, फोनही त्याच मोबाइलवर! "निघाले का वहिनी?" निघून राहिलो, म्हणून मी ठेवला. पुन्हा वायर, पुन्हा वॉल्व, पुन्हा नणंद. "कुठवर आले?" तिला काय सांगणार, पिस्टनपर्यंत आलो म्हणून? तिसऱ्यांदा ती रडवेली झाली होती. मुलाकडचे येऊन बसले होते, आणि मामाच येत नाही म्हणजे घरातच एकमत नाही, असं त्यांच्यातले म्हातारे म्हणू लागले होते.

ह्यांनी पाना उचलला. आता खोलतोच, म्हणाले.

"उंदीर घुसला असन," कौसाबाई म्हणाल्या. "मागच्या साली नाही का, तुमच्या धुराच्या नळीतून धान उडालं होतं?"

मी जाणकाराचं हसू हसले. "यंदा शक्यच नाही, कौसाबाई. म्हणून तर मी सायलेन्सरमध्ये फडकं..."

वाक्य तिथेच थांबलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीनंही पाहिलं असावं.

ह्यांनी माझ्या हातातून वायर घेतली आणि मागच्या नळीत घातली. पडद्यावर हिरव्या रंगात पिवळी फुलं, अगदी स्वच्छ.

"अव माय, हे त तुई फुलाची साडी होय," कौसाबाईंनी निदान केलं. हे मात्र बरोबर होतं. जुन्या साडीचा तुकडा, लाटण्याच्या टोकानं खोलवर ठासून बसवलेला. मी कुठलंच काम अर्धवट करत नाही.

कॅमेऱ्यासोबत आलेल्या इवल्याशा आकड्यानं तो ओढून काढला. प्लग बसला, आणि पहिल्याच किकला गाडी अशी गरजली की वरचं विमान ऐकू येईना. आम्ही पोचलो तेव्हा मुलाकडचे चपला शोधत होते. मामाला पाहून ते पुन्हा बसले. वंदना झाली, साक्षगंध झालं, नणंद हसली.

उशीर काऊन झाला, असं सगळ्यांनी विचारलं. ह्यांनी काहीच सांगितलं नाही. दाखवलं. त्या कॅमेऱ्यात चित्रीकरणाचंही बटण असतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी मांडवात दोन साड्या पाहिल्या गेल्या, एक मामानं आणलेली आणि एक सायलेन्सरमधली. गर्दी दुसरीला जास्त होती.