नाही म्हणणारी डायव्हिंगवाली

माझी बायको मृणालिनी भाईंदर पूर्वेतल्या निम्म्या लोकांना दंडावरून ओळखते. चेहरा लक्षात राहत नाही, शीर राहते. नवघर रोडवरच्या एका लॅबमध्ये तिने आयुष्यभर रक्त काढलं. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे बघतात. हसा बापडे.

लॅबमध्ये तिची एकच ख्याती होती. उपाशीपोटी यायला सांगितलेलं असताना कोणी चहा पिऊन आला, तर ती त्याला परत पाठवायची. ‘मॅडम, अर्धाच कप. बिनसाखरेचा.’ ‘उद्या या.’ कोणाचा कोण लागतो याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. माझा सख्खा भाऊ महिपत मुर्ध्याहून रिक्षा करून आला, त्यालाही उद्या या. तो इतका फुगला की गणपतीला आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. मी म्हटलं, अगं, घरातला माणूस. तर म्हणाली, ‘घरातल्याची साखर खोटी चालते का?’ 

रिटायर झाल्यावर तिने जाहीर केलं की अंदमानला जायचं. मी खूश झालो. छान, बीचवर बसू, नारळपाणी पिऊ. तर म्हणे बसायला नाही, स्कूबा डायव्हिंगला. पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राच्या आत. मी म्हटलं, समुद्र बघायला तेवढं लांब कशाला, उत्तनला बस जाते.

‘उत्तनचा समुद्र चहाच्या रंगाचा आहे, आणि तो वरून दिसतो. मला आतून बघायचाय, अहो. माणसांच्या आत खूप बघितलं. आता एकदा हे बघायचं, मग तुम्ही म्हणाल तिथे येईन.’

तिला एवढं काही हवं असलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा बघत होतो. साड्या, दागिने, यातलं कधी काही मागितलं नाही तिने. पालिकेच्या तरणतलावात जाऊन ती चक्क पोहायला शिकली. तिथल्या सरांनी सांगितलं की काकी, पहिल्या डायव्हिंगला पोहता यावं लागत नाही, ते धरूनच नेतात. ‘धरायला लागू नये म्हणून शिकतेय,’ ही म्हणाली. मी काठावर टॉवेल घेऊन बसायचो. मला पाण्याची भीती आहे, सांगायला लाज कसली.

आता प्रश्न होता डायव्हिंगवाला कोण निवडायचा. आमच्याकडे सगळं ओळखीने होतं. शाळेतलं ॲडमिशन असो की सत्यनारायणाचे गुरुजी, कोणीतरी कोणाला तरी फोन करतं आणि काम होतं. वरच्या मजल्यावरच्या गुणवंतभाईंना कुणकुण लागताच ते डबाभर ढोकळा घेऊन खाली आले. त्यांच्या साडूचा कोणीतरी तिकडे याच धंद्यात होता. ‘दत्ताभाई, टेन्शन नहीं लेने का. अपना आदमी है. भाभी को एकदम आराम से उतारेगा.’

मी तर हात जोडून हो म्हणायला निघालो होतो. ढोकळाही उत्तम होता.

‘ओळखीचा नको,’ मृणालिनी म्हणाली. गुणवंतभाई गेल्यावर म्हणाली, एवढी रीत तिला आहे. ‘ओळखीचा माणूस नाही म्हणत नाही. मला नाही म्हणणारा पाहिजे.’

आमची मुलगी क्षितिजा पुण्याला असते. तिने सगळ्यांत जास्त स्टार मिळालेल्यांची नावं धाडली. हिने ते स्टार बघितलेसुद्धा नाहीत. प्रत्येकाला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि मला शेजारी बसवलं. एका माणसामागे शिकवणारा एक की चौघांमागे एक? बोटीवर ऑक्सिजन असतो का? हे झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला. ‘लास्ट टाइम किसको वापस भेजा?’

गुणवंतभाईंचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, अपने यहाँ कोई वापस नहीं जाता. अस्सी साल के अंकल को भी कराया.’ हिने थँक्यू म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याला प्रश्नच कळला नाही, तो व्हिडिओ फ्री मिळेल म्हणून सांगत बसला. तिसरा उलट म्हणाला, आंटी, आप डर रही हो क्या? तो बिचारा काय बोलून बसला हे त्याला कळलं नाही. त्याला चांगलं ऐकावं लागलं.

मग लागला अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या एका छोट्या डायव्हिंगच्या दुकानाचा फोन. उचलला रेचल नावाच्या मुलीने. ती म्हणाली, परवाच एका नवरदेवाला परत पाठवलं. रात्रीची उतरली नव्हती. बायको खाली गेली आणि तो किनाऱ्यावर बसला.

‘गाली दिया?’ हिने विचारलं.

‘बहुत दिया, आंटी.’

‘फिर?’

‘फिर क्या, सुन लिया.’

मृणालिनीने फोन ठेवला आणि मला म्हणाली, ‘ही माझी.’ स्थळ पसंत पडल्यासारखी खुलली होती नुसती. त्या दिवशी तिने शिरा केला.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला नेणाऱ्या बोटीत एसी असा होता की दात वाजत होते. पोचल्यावर दोन दिवस वारा. शेजारच्या डायव्हिंगवाल्यांच्या बोटी जात होत्या, रेचलने आपली सोडली नाही. मी कुरकुर केली, तर बायको म्हणाली, बघा, म्हणून निवडलं. तिसऱ्या दिवशी पाणी शांत झालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी आमचं परतीचं विमान होतं, आणि डायव्हिंगनंतर दिवसभर विमानात बसायचं नसतं, म्हणजे काय ते आजच. आणि नेमकी त्याच सकाळी ही सटासट शिंकत उठली.

रेचल तिशीची असेल, उन्हाने रापलेली, बारीक केस. काळा घट्ट पोशाख घालून उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती बाजूला घेऊन विचारत होती. आमची पाळी आली. कालपासून ताप, सर्दी, कान दुखणं, काही आहे? मी पाठीमागून बायकोला चिमटा काढला. गप्प राहा, असा त्याचा अर्थ होता, आणि तो तिला कळला होता.

तिने माझा हात झटकला. मग म्हणाली, ‘थोडा सर्दी है.’

‘दवाई ली?’

‘आधी गोली. सिर्फ आधी.’

तोंडातून निघालं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. अर्धाच कप, बिनसाखरेचा. मान खाली घालून ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

‘आज नहीं, आंटी,’ रेचल म्हणाली. नाक बंद असलं की खाली कानावरचा दाब सुटत नाही, आणि गोळीचा असर मध्येच उतरला तर पडदा फाटू शकतो, हे तिने नीट समजावून सांगितलं. सॉरी म्हणाली, पण आवाज मऊ केला नाही.

माझं डोकं फिरलं. एवढ्या लांब आलो, बाई ह्या वयात पोहायला शिकली, आणि एका शिंकेवरून नाही? पलीकडच्या दुकानातला माणूस सगळं ऐकत होता. तो हाक मारून म्हणाला, ‘आंटी, इधर आओ, कुछ नहीं होता.’ मी हिचा हात धरून तिकडे निघालोच. ‘चल. अर्ध्या तासाचं काम. कोणाला कळणार आहे?’

तिने हात सोडवून घेतला. ‘मी हिला निवडलं ते कशासाठी? फक्त दुसऱ्यांना नाही म्हणेल म्हणून?’

मग ती वाळूवर बसली आणि रडली. पदर नव्हता, तर त्या काळ्या बाहीने डोळे पुसत रडली. मला खूप वाईट वाटलं, आणि तिचा खूप अभिमानही वाटला. मीही शेजारी बसलो.

थोड्या वेळाने तिने नाक शिंकरलं. ‘तुम्हाला सर्दी आहे?’

‘नाही.’

‘कान?’

‘कान ठीक आहेत. पण मृणाल, मला पाण्याची...’

‘मी निवडलेली मुलगी आहे. जा.’

त्या आवाजापुढे महिपत टिकला नाही, मी कोण? रेचलने मलाही सगळे प्रश्न विचारले. मी देवाला नवस बोललो की रेचलला माझं काहीतरी खटको. काही खटकलं नाही. रक्तदाब बायकोच्या कृपेने उत्तम. गुडघाभर पाण्यात रेचलने तोंडाने श्वास घ्यायला शिकवलं, नको वाटलं तर कोणती खूण करायची ते सांगितलं, मग माझा हात धरला. आणि मी, दत्ताराम, ज्याने तरणतलावाची पायरीसुद्धा ओली केली नव्हती, समुद्राच्या आत गेलो.

वर आलो तेव्हा बायको कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभी होती. मी मास्क काढला.  मी बोलायला तोंड उघडलं.

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

‘एक अक्षर सांगायचं नाही. मी परत येणार आहे. माझं मला बघायचंय.’

पुढच्या फेब्रुवारीचं रेचलकडे तिथेच ठरवून टाकलं. तिकिटंही काढून झाली. भाजीवाल्याला घरची भांडणं सांगणारा माणूस मी, पण हे पोटात ठेवलंय. रात्री अंथरुणावर पडलो की ओठांपर्यंत येतं, आणि शेजारी ती जागी असते, तिला कळतं, ती नुसतं माझ्याकडे बघते. गुणवंतभाई जिन्यात भेटले की विचारतात, ‘दत्ताभाई, नीचे क्या देखा, बोलो ना.’ क्षितिजा फोनवर विचारून विचारून थकली. तुम्हीही विचाराल. आधी तिला बघू दे.