मिस्त्रीनं न खाल्लेलं ताट

मिस्त्रीनं मला फसवलं. ज्या माणसानं माझी खानावळ गाजवली, त्यानं माझ्या हॉटेलात वर्षानुवर्षं एक घास तोंडात घातला नाही, आणि का घातला नाही ते तोंडावर न सांगता निघून गेला. याला माझ्या गावाकडं फसवणूकच म्हणतात.

या शहरात तुम्ही कधी बाहेर जेवला असाल, तर तोही तुमच्या नजरेस पडला असेल. हॉटेलांचे गॅसचे बर्नर दुरुस्त करायचा. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात पाना, तारेचा ब्रश, आणि बर्नरची छिद्रं मोकळी करायच्या पिना एका जुन्या पावडरच्या डबीत. स्वयंपाकघरात शिरला की आधी एक बोट वर करायचा. "गप." आचाऱ्यांचे हात थांबायचे. मग बर्नर पेटवून वाकायचा आणि कान लावायचा, डॉक्टर छातीला लावतो तसा. "डाव्या अंगाला कचरा हाय," म्हणायचा. खोलून बघावं तर डाव्याच अंगाला कचरा.

जालना रोडवरच्या काचेच्या हॉटेलांपासून शहागंजच्या हातगाड्यांपर्यंत निम्म्या शहराच्या चुली त्याच्या हाताखालून गेलेल्या. कुठं काय शिजतं, कशात शिजतं, त्यात आजचं किती आणि कालचं किती, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून लोक त्यालाच विचारायचे, "मिस्त्री, आज कुठं खावं?" तो लगेच सांगायचा नाही. उलटा सवाल करायचा, "भूक कसली हाय? पोटाची, तोंडाची, का चारचौघांची?"

पोटाची असेल तर शहागंजात एका चाचांची तहरी. मटण आणि पिवळा भात एकाच देगीत दमावर शिजलेला. तोंडाची असेल तर गुलमंडीच्या बोळातली इमरती, तीही सकाळी कढईतून निघताना उभ्यानं खाल्लेली. आणि चारचौघांची, म्हणजे साहेब आलेत, व्याही आलेत, पांढऱ्या कापडाच्या टेबलावर बसून इज्जतीनं खायचंय, तर जालना रोडवरचं एक मोठं हॉटेल.

ते माझं नव्हे. माझ्या बरोबर समोरचं.

हातगाडीवर प्रेम आणि एसीवर राग असा त्याचा स्वभाव असता तर मी समजून घेतलं असतं. पण तसं नव्हतं. दोन्हीकडं तो खुशीनं खायचा. दोन्हीच्या मध्ये मी होते.

मी लासूर स्टेशनची. नवरा गेल्यावर चिकलठाण्याला कारखान्यांच्या मागं एका पत्र्याच्या खोलीत खानावळ घातली. पहिली भट्टी मिस्त्रीनंच बसवून दिली. मजुरीवरून मी त्याच्याशी अर्धा तास घासाघीस केली. त्यानं एकदा आकडा सांगितला आणि मग नुसता पिना पुसत बसला. लासूरच्या बाजारात मी भल्याभल्या अडत्यांना घाम फोडलाय, पण त्या दिवशी हरले. राग गिळून त्याला जेवायला वाढलं. वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी. त्यानं पहिला घास घेतला, डोळे मिटले, बोट वर केलं आणि म्हणाला, "गप." खोलीत मी एकटी होते, आणि बोलतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे आठ कामगार दारात. "मिस्त्रीनं पाठवलंय." महिनाभरात माझ्या दारात रांग लागायला लागली. पुढं दोन खोल्या झाल्या, मग लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी, आणि शेवटी जालना रोडवर स्वतःचं हॉटेल. एकशे चाळीस माणसं बसतील एवढं. जागेच्या मालकाशी, फर्निचरवाल्याशी, एसीवाल्याशी मी स्वतः भांडून भाव पाडले. कुणाचे एका पैशाचे उपकार घेतले नाहीत. उपकार फक्त मिस्त्रीच्या जिभेचे.

उद्घाटनाच्या दिवशी सगळे बर्नर त्यानंच लावले. मग मागच्या दाराशी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसला आणि स्वतःचा डबा उघडला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"मिस्त्री, आत बसा की. ताट वाढलंय."

"नको ताई, आज उपास हाय."

"भाकरी खाताय की समोर."

"ह्या उपासाला भाकरी चालती."

मी हसले. उद्घाटनाची घाई होती. पण तो उपास पुढं कधी सुटलाच नाही.

मग नाशिकचे पाहुणे आले. माझ्या लेकीचं जमत आलं होतं, आणि मुलाचे आईवडील पहिल्यांदाच शहरात येणार होते. संध्याकाळचं जेवण माझ्याच हॉटेलात. टेबलावर झेंडू नको, गुलाब लावा, एवढं बारीक मी सांगून ठेवलं होतं. पाहुणे दुपारीच पोचले. मी तेव्हा बाजारात कोथिंबिरीच्या जुड्यांवरून भांडत होते. भाजीवाला ऐकेना, मीही ऐकेना. पाऊण तास गेला. जुड्या मी माझ्याच भावानं घेतल्या आणि जिंकून परत आले, तर टेबलावर गुलाब आणि खुर्च्या रिकाम्या.

"पाहुणे कुठं गेले?"

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पाहुण्या साहेबांनी विचारलं, या शहरात खायला खास काय? मिस्त्री इथंच बर्नर खोलून बसला होता. त्यानं विचारलं, भूक कसली? साहेब म्हणाले, पोटाची. त्यानं रिक्षा थांबवून शहागंजला धाडलं."

दोन तासांनी पाहुणे आले ते हळदीनं पिवळी झालेली बोटं घेऊन. संध्याकाळी माझ्या पांढऱ्या टेबलावर त्यांनी सगळ्यातलं चमचा चमचा चाखलं आणि रात्री झोपेपर्यंत तहरीबद्दल बोलले. लग्न झालं, लेक सुखात आहे. पण आजही विहीणबाई आल्या की पर्स ठेवायच्या आधी म्हणतात, "तेवढं ते चाचांकडं जाऊन येऊ या का?"

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन मिस्त्रीला धरलं. "माझ्या दारातून माझे पाहुणे पळवले?"

"त्यांनी इचारलं, मी सांगितलं."

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

तो उठला. चालू शेगडीकडं वाकला, कान लावला, बोट वर केलं. सगळं किचन गप झालं. मग म्हणाला, "ताई, तुमची आग लई चांगली हाय. पण तिला काम नाय. नुसती गरम करती."

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. मोठ्या हॉटेलात सकाळी तीन पातेली रस्सा करून ठेवतात. लाल, पिवळा आणि पांढरा. दिवसभर जी ऑर्डर येईल तिच्यासाठी त्यातला पळीभर घ्यायचा, पनीर नाहीतर चिकन टाकायचं, गरम करायचं आणि वर वेगळं नाव द्यायचं. माझ्या मेनूत चौदा भाज्या होत्या, पातेली तीनच. यात चोरी नाही. एकशे चाळीस माणसांना दहा मिनिटांत ताट द्यायचं तर दुसरं कसं करणार? मला वाटलं, समोरचाही हेच करत असेल. मॅनेजरला गिऱ्हाईक बनवून तिकडं पाठवलं. तो येऊन मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, ते दर ताटाला कांदा नव्यानं परततात. वेळ लावतात, पण लोक बसून राहतात."

पण ते नंतर. त्या वेळी मी मिस्त्रीचा पाना उचलून मागच्या दारातून बाहेर फेकला आणि त्याला त्याच्यामागं जायला सांगितलं. त्यानं पाना उचलला, फडक्यानं पुसला, पिशवीत ठेवला. जाताना आचाऱ्याला सांगून गेला, "तिसऱ्या बर्नरची चकती बदला." अकरा दिवसांत चार बर्नर काळे पडले आणि मीच फोन केला. तो आला. झाल्या गोष्टीचं एक अक्षर काढलं नाही. भांडायला माणूस भेटला नाही की माझा राग मुरतो. त्याचं लोणचं मी बरीच वर्षं पुरवलं.

मग तोंडाला ओढणी बांधून शहागंजला गेले. त्या तहरीत खोट काढायचीच म्हणून. सात वेळा गेले. मीठ बघितलं, मटण बघितलं, भाताची शितं मोजल्यासारखी वेगळी करून बघितली. खोट सापडली नाही. निदान भावावरून तरी वाजवावं म्हणून म्हटलं, "चाचा, अर्धी प्लेट द्या, भाव निम्म्याहून कमी लावा."

चाचांनी देगीतून मान वर न काढता विचारलं, "आधी पलेट से आधी भूक जाती क्या, बाई?"

सातव्या वेळी मिस्त्री तिथं होता. उभ्यानं खात होता, डोळे मिटून, एक बोट वर. भोवती रिक्षांचे हॉर्न, आणि हा सगळ्या शहागंजला गप करून उभा. खरं सांगते, माझा नवरा सरळ माणूस होता, त्यानं मला कधी जळायची वेळ आणली नाही. नवऱ्याला दुसरीच्या ओट्यावर जेवताना पाहिल्यावर बाईला काय होतं, ते मला त्या देगीपाशी कळलं. ते बोट एकदा माझ्यासाठी वर झालं होतं. आता ते दुसऱ्याकडं रोज व्हायचं.

त्यानंतर मी दर वेळी त्याच्यासमोर ताट ठेवायला लागले. न बोलता. तो ताटाला हात जोडायचा, उचलून भांडी घासणाऱ्या मावशींना द्यायचा. "मावशी, तुमी घ्या. माझा डबा हाय." कधी वास घेऊन बघितला नाही, कधी तोंड वाकडं केलं नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

यंदा उन्हाळ्यात तो यायचा थांबला. फोन बंद. मी दुसरा माणूस लावला. तो तरुण आहे, मशीन लावून गॅस मोजतो. ज्योत तरी पिवळी ती पिवळीच, पातेल्यांची बुडं काळी. शेवटी एका सकाळी उघड्या तोंडानं, ओढणी न बांधता, शहागंजला गेले.

"चाचा, मिस्त्री कुठं दिसत नाही?"

चाचांनी झारा खाली ठेवला. "मिस्त्री गए, बाई. बीस रोज हो गए."

दवाखान्यात पंधरा दिवस होता म्हणे. पोटाचं दुखणं. चाचा रोज सकाळी त्याच्यासाठी बिनतिखटाची पेज करून न्यायचे. शेवटी शेवटी दोन चमचे उतरायची, पण डोळे मिटून घ्यायचा, बोट उचलायचं बघायचा.

"मला का नाही सांगितलं? मी दहा मिनिटांवर होते."

चाचांनी फडक्यानं हात पुसले. "वोइच नको बोले. बोले, ताई को मत बताव. ताई डबा भेजेगी. भेजी तो मेरे कू खाना पड़ेगा. खाया तो बोलना पड़ेगा. और झूट तो मेरे से होता नई."

भांडले ते रिक्षात बसल्यावर, रिक्षावाल्याशीच. तो मागं वळून बघायला लागला तेव्हा गप झाले.

बघा काय केलं त्यानं. मला दुखवायचं नव्हतं म्हणून उपास धरला, भाकरी बांधून आणली, मरताना पेज गिळली. असली माया कुणी मागितली होती? मी मागितला होता निकाल. बाई, तुझं बेचव आहे, एवढं त्यानं खाऊन म्हटलं असतं तर मी त्याच्याशी उभी भांडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि पाचव्या दिवशी तिन्ही पातेली उलटी केली असती. ते माझ्या हातात होतं. न खाता त्यानं मला काय दिलं? नुसता संशय. आता हॉटेलात गिऱ्हाईक "छान आहे" म्हणालं की मला त्याचा विश्वास वाटत नाही, आणि वाईट म्हणालं तर त्याला जीभ नाही असं वाटतं. ज्याची जीभ मी मानत होते, ती तो घेऊन गेला.

म्हणून परवा मी चाचांना बोलावून आणलं. दुपारी चारची वेळ, हॉल रिकामा. ते यायला तयार नव्हते. "मैं चावलवाला आदमी, बाई, मेरे कू काचवाले हॉटेल में कायकू?" मी ऐकलं नाही. ऐकणं माझ्या स्वभावात नाही. मधल्या टेबलावर बसवलं. आत जाऊन मी स्वतः भाजी केली असती, हात अजून विसरलेला नाही. पण मुद्दाम नाही केली. लाल पातेल्यातलीच आणवली, पनीर घातलेली, रोज एकशे चाळीस माणसांना जाते तीच. शेजारी गरम रोटी.

चाचांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री की बात मिस्त्री के साथ गई, बाई. जाने देव."

"नाही गेली. माझ्यापासून लपवायचं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं. तो गेला, तुम्ही आहात. खा."

त्यांनी रोटीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला. चावत राहिले. खूप वेळ चावत राहिले. आचारी दारात येऊन उभे होते, मावशी फडकं हातात धरून उभ्या होत्या. पाण्याच्या ग्लासाकडं त्यांचा हात गेला, तो ग्लास मी उचलून बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"पाणी नंतर. मिस्त्रीचा जबाब तुमच्याकडं आहे, चाचा. तो देऊन उठायचं."