थोरल्या साडूंचा टुंड्रा

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात टुंड्रा प्रदेशाची काळजी वाहणारा माणूस एकच आहे, आणि ते म्हणजे आमचे थोरले साडू. त्यांचं आयुष्य गूळ करण्यात गेलं. शहराबाहेर त्यांचं गुऱ्हाळ आहे. हंगामात चुलवाणाच्या धगीनं भुवया करपाव्यात, आणि हे त्या धगीपुढं उभे राहून गिऱ्हाइकाला सांगणार, "पावणं, ह्या घडीला तिथं उणे तीस आसंल. रेडा बांधला तर उभ्या उभ्या दगड हुईल." गिऱ्हाईक बिचारं गुळाचा भाव विचारायला आलेलं असायचं.

हे वेड लागलं मुलीच्या शाळेच्या पुस्तकामुळं. तिचा भूगोलाचा अभ्यास घ्यायला म्हणून बसले. ती पुढच्या धड्यावर गेली आणि हे टुंड्रातच राहिले. पुढं मिळेल ते वाचलं, मोबाईल आल्यावर दिसेल ते पाहिलं. घरी मसाल्यासाठी दगडफूल आणलं की त्यातली चिमूट तळहातावर घेऊन म्हणायचे, "हेच्याच भावकीतलं तिथं रानभर उगवतंय. रेनडिअर हिवाळाभर बर्फ उकरून त्येच खातंय. आन् आपण मटणात टाकतोय." पावसाचा विषय निघाला तर गगनबावड्याला आठवड्यात पडतो तेवढाही तिथं वर्षभर पडत नाही, तरी खालची जमीन गोठलेली असल्यानं पाणी मुरत नाही, आणि उन्हाळ्यात सगळी दलदल नि डास, असं ते सांगत. त्यांच्या पत्नी, म्हणजे माझी थोरली मेहुणी, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती सगळं ऐकून घेई आणि शेवटी एवढंच विचारी, "तिथं ऊस येतोय का? मग सोडा की."

एकदा मुलीला बघायला हातकणंगल्याकडचे पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणं विचारलं, "जमीन कशी हाय?" साडू नेमके टुंड्रातल्या कस्तुरी बैलांबद्दल सांगत होते. लांडगे आले की ते बैल वासरांना मधे घेऊन भोवती कसं कडं करतात, या गोष्टीत ते इतके रंगले होते, की म्हणाले, "वरची हातभर तेवढी विरघळतीया. खालची बाराही म्हैनं गोठल्याली." पाहुणे चहा पिऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. मुलीला त्याचं वाईट वाटलं नाही. ती पुढं माशांचं शास्त्र शिकली, स्वतःच जोडीदार निवडला, आणि नोकरी धरली ती नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला. "दुसरीकडं कुठं मिळाली न्हाय व्हय?" असं अक्कानं फोनवर विचारलं तेव्हा ती नुसती हसली.

दोन वर्षांपूर्वी तिनं पहिल्या बाळंतपणासाठी आईबापांना बोलावलं. जायचा महिना नेमका टुंड्रा फुलायचा होता. साडू भर मे महिन्यात लोकरीची टोपी घालून अंगणात सराव करत. आणि निघायला थोडे दिवस राहिले असताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून सुटले, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला.

अक्का म्हणाली, "मग मी बी जात न्हाय."

"लेकीला आई पायजे आत्ता," साडू म्हणाले. "आन् आपल्यातलं कुणीतरी त्ये बघून याय पायजे."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळाय नगं. नुसतं बघ."

अक्का गेली. मी साडूंच्या सोबतीला राहायला गेलो. नात झाली. मुलगी व्हिडिओ कॉल करी. एकदा तिनं फोन खिडकीकडं वळवायला घेतला, तसा साडूंनी आपला फोन टेबलावर पालथा घातला. "बाळ दाव. भाईरचं नगं. त्ये तुझी आई आल्यावर सांगंल."

अक्का परतली त्या संध्याकाळी सोप्यात आम्ही तिघंच होतो. मला वाटलं, ती एक वाक्य बोलेल आणि पुढची दहा साडू बोलतील. पण ते हात मांडीवर ठेवून तिच्याकडं बघत होते.

"झाडं न्हाईतच," अक्का म्हणाली. "एक विलो का काय म्हणत्यात, त्ये माझ्या घोट्याएवढं, भुईला चिकटून. लेक म्हणाली लई वर्षांचं हाय. मग पाय द्यायचं धाडस झालं न्हाय. भुई गादीवाणी मऊ. लांबपतोर पांढऱ्या बोंडांचं गवात. सूर्य मावळतच न्हाय, दिवा कवा लावायचा त्ये कळायचं न्हाय."

"वारा?" साडूंनी हळूच विचारलं.

"वारा हाय. पर दुसरा आवाज कशाचाच न्हाय. तुमी बोलत आसल्यागत वाटायचं. मी मागं वळून बघायची."

साडूंनी पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला.

अजूनही मी गेलो की कधीकधी तो विषय निघतो. आता सांगते ती अक्का. रेनडिअरला ती सांबर म्हणते, आणि ते मोठं पांढरं घुबड भरदुपारी शिकार करतं, यावर तिचा स्वतः पाहूनही अजून नीट विश्वास बसलेला नाही. ती चुकली की मी साडूंच्या तोंडाकडं बघतो. ते दुरुस्त करत नाहीत. डोळे मिटून ऐकतात, आणि ती थांबली की म्हणतात, "भुई मऊ हुती म्हणालीस न्हवं? त्ये सांग परत."