आढीतले गुडघे

आमच्या आंब्याला कुणी नावं ठेवल्याचं मला आठवत नाही, आणि त्याचं श्रेय बाबा एका वाक्यात आईला देऊन मोकळे व्हायचे. गिऱ्हाईक पेटी उघडून वास घ्यायला लागलं की ओटीवरून म्हणायचे, "आमच्या आढीला हिच्याशिवाय दुसऱ्याचा हात लागत नाही हो." गिऱ्हाईक कौतुकानं आत बघायचं. आईही जराशी लाजायची. त्या वाक्याचा मला अजून संताप येतो. त्या कौतुकानंच तिचे गुडघे खाल्ले.

ज्यांनी आढी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. झाडावरून उतरवलेला तयार आंबा पडवीत भाताच्या पेंढ्यावर मांडतात, वर पुन्हा पेंढा घालतात आणि पिकायला ठेवतात. मग रोज सकाळी पेंढा अलगद उचलून एकेक फळ बघायचं. पिकत आलेलं वेगळं, डागी वेगळं, हिरवं पुन्हा आत. हे काम उभ्यानं होत नाही आणि मांडी घालूनही होत नाही. उकिडवं बसायचं आणि तसंच सरकत सरकत पडवीचं दुसरं टोक गाठायचं. अंगठा जरा जोरात लागला की दोन दिवसांनी तिथे काळा डाग. म्हणून गडी झाडावर, बाबा ओटीवर आणि आढीत एकटी आई, फाल्गुनापासून वैशाख संपेपर्यंत. पूर्णगडजवळच्या या घरात ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून असंच चाललं होतं.

अठ्ठ्याण्णव साली ती पहिल्यांदा आढीतून उठताना खांबाला धरून उठली. मी तेव्हा रत्नागिरीत शाळेत शिकवत होते आणि सुट्टीला घरी आले होते. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही गो, मुंग्या आल्या." त्यानंतरच्या हंगामात खांब पुरेना, कुणीतरी हात द्यावा लागला. मग घराखालच्या जांभ्याच्या पायऱ्या ती उलटी, पाठमोरी उतरायला लागली. बायका हसायच्या, तीही हसायची. शेवटी मी तिला रत्नागिरीत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला आणि सांगितलं की दोन हाडांमधली गादी संपली आहे, हाडावर हाड घासतंय, आज ना उद्या गुडघे बदलावे लागणार.

बाबांनी तो फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "हंगाम होऊ दे."

हंगाम झाला. मग पाऊस आला आणि लावणी आली. लावणी झाली तर गणपती आले. गणपती गेले, भात कापणीला आलं. मग दिवाळी, मग मोहोर, मग मोहोरावरची फवारणी. मग शिमगा. ग्रामदेवतेची पालखी दारात येणार आणि घरची बाई दवाखान्यात, हे कसं दिसेल? आणि पालखी गेली की आंबा होताच तयार. आमच्या घरात वर्षाचा एकही महिना आईच्या गुडघ्यांच्या वाट्याला येत नव्हता. मी भांडले की आईच मला गप्प करायची. "राहू दे गो, एवढा हंगाम होऊ दे." तिच्या तोंडून ते वाक्य ऐकलं की मला बाबांपेक्षा तिचा जास्त राग यायचा.

याच बाबांनी शेजारच्या कलमांच्या बांधावरून दावा लावला होता. एका हातभर जागेसाठी. त्या दाव्याची एकही तारीख त्यांनी चुकवली नाही. आंबा झाडावर असो, पाऊस धो धो पडत असो, धोतर सावरत पहाटेची एसटी गाठायचे. कोर्टात पुढची तारीख मिळाली की परत यायचे आणि पाय धुताना आईला हाक मारायचे, पाणी दे म्हणून. ती भिंत धरधरून पाणी घेऊन जायची.

उपाय मात्र सगळ्यांकडे होते. कुणी निरगुडीचा पाला शेकायला सांगितला, कुणी बिब्ब्याचा चटका. लोट्याला कंपनीत असलेला माझा भाऊ एका रविवारी आला तो भोकाची खुर्ची घेऊन, म्हणजे संडासात खाली बसायला नको. ती खुर्ची मोरीपाशी ठेवून तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबांशी वाद घालू नकोस. त्यांचंही वय झालंय." तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. वय बाबांचं होत होतं, आईचं काय होत होतं?

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. कोल्हापूरहून एक सर्जन महिन्यातून एकदा रत्नागिरीत रोगी तपासायला यायला लागले. पौषात मी आईला त्यांच्याकडे नेलं. बाबाही आले, कारण त्याच दिवशी त्यांची तारीख होती. डॉक्टर देशावरचे, आवाज खणखणीत. त्यांनी आईला चालायला लावलं, दोन्ही पाय कसे बाहेर वाकलेत ते पाहिलं, गुडघा किती वाकतो तेही पाहिलं. मग स्वतःच्या मांडीवर बोट फिरवत म्हणाले, "गुडघ्यात शिरायला बहुतेक ठिकाणी मांडीचा हा पुढचा स्नायू चिरतात आणि नंतर शिवतात. मी शक्यतो चिरत नाही. त्याच्या खालच्या कडेनं शिरतो, त्याला बाजूला सारून. त्यानं पायात ताकद लवकर येते. आणि सांधा तुमच्याच मापाचा घालायचा. प्रत्येकाचं हाड वेगळं, प्रत्येकाची गरज वेगळी. म्हणून आधी सांगा, तुम्हाला गुडघा कशासाठी हवाय?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आईनं तोंड उघडलं आणि बाबा बोलले, "तिला काय करायचंय? घरातच असते. देवळापर्यंत जाता आलं म्हणजे झालं."

"घरात असते?" मी ओरडलेच. "डॉक्टर, सगळी आढी ती एकटी बघते. तिला उकिडवं बसता आलंच पाहिजे. तिचा जीव आहे त्या आढीत."

"तुम्हीही थांबा," डॉक्टर मला म्हणाले. "मी त्यांना विचारलंय."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हे म्हणतात तसंच," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिला पडून पाय सरळ उचलायला सांगितला. पाय खाटेवरून जेमतेम सुटला आणि मांडी थरथरायला लागली. ते म्हणाले, "स्नायू मी वाचवीन, पण वाचवायला तो शिल्लक तर राहायला हवा. आत्तापासून रोज व्यायाम करा आणि चैत्रात या. आणखी एक हंगाम उकिडवं बसून काढलात आणि गुडघा याहून आखडला, तर मग मलाही चिरावंच लागेल. मग वॉकर किती दिवस लागेल ते मी सांगू शकत नाही."

"चैत्रात कसं जमेल?" बाबा म्हणाले. "ऐन हंगामात?"

मी आईला परत पूर्णगडला पाठवलीच नाही. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला माझं भाड्याचं घर होतं, तिथे घेऊन आले. रोज गोधडीची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, मांडी घट्ट करायची, सोडायची. मी शाळेतून येईपर्यंत ती करत बसायची. निरोप येत राहिले. पालखी आली, घरात कुणी नाही. आंबा उतरायला लागला, पेंढा घातला, आढी कोण बघणार? कुणा शेजारणीला बसवली तर तिनं निम्मा आंबा डागी केला. शेवटी बाबा स्वतः आले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "चल. वैशाख संपला की मी स्वतः नेतो कोल्हापूरला."

मग मी तोंडाला येईल ते बोलले. "हातभर बांधासाठी तुम्ही एक तारीख सोडली नाहीत. हिची एक तारीख तुम्हाला पाळता येत नाही? ती आढीत संपली तरी चालेल, आंब्यावर डाग नको, असंच ना?" मुलीनं बापाशी असं बोलू नये हे मला माहीत आहे. त्या दिवशी ते माहीत असून बोलले आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

बाबा आईकडे वळले. "तू तरी सांग हिला."

आई जमिनीवर गादी घालून बसली होती, पाय लांब करून. तिनं गुंडाळीवर गुडघा दाबला, धरून ठेवला, सोडला. पुन्हा दाबला. बाबा एकटेच परत गेले.

चैत्रात आंबा घाट चढून आम्ही दोघीच कोल्हापूरला गेलो. आदल्या संध्याकाळी डॉक्टर खाटेपाशी आले. गुडघा वाकवून पाहिला, मांडी दाबून पाहिली आणि म्हणाले, "चांगली मेहनत घेतलीत. स्नायूला हात लावावा लागणार नाही असं दिसतंय. आता तरी सांगा, गुडघा कशासाठी हवाय? तुमची मुलगी म्हणते तसं खाली बसायचं असेल तर पुढे थोडंफार जमवता येईल."

आईनं दार बंद आहे ना ते बघितलं. "डॉक्टर, मला चालायला हवाय. पायऱ्या तोंड पुढे करून उतरायला हवाय. पण उकिडवं बसायचं नाही, कधीच नाही, असं तुम्ही ह्यांना सांगा. तुमच्या तोंडून सांगा. माझं कुणी ऐकत नाही."

इतकी वर्षं मी समजत होते की तिचा जीव आढीत आहे. तिचा जीव तिथे अडकला होता, एवढंच खरं होतं.

पहिल्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिनं पट्ट्यांनी बांधलेला तो पाय खाटेवरून स्वतः उचलला. "उचलला बघ," ती म्हणाली आणि पुन्हा उचलून दाखवला. दुपारी बाबा आले. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "उकिडवं बसायचं नाही. आयुष्यात नाही. नव्या सांध्याला ते झेपायचं नाही."

माझ्या बाबांचा पहिला प्रश्न होता, "मग आढी?"

दुसरा गुडघा दिवाळीनंतर झाला, त्याला कुणाचा हंगाम आड आला नाही.

पुढच्या वैशाखात मी घरी गेले तेव्हा आई पडवीत खुर्ची टाकून बसली होती, हातात काठीसुद्धा नव्हती. आढीत बाबा उकिडवे बसले होते. पेंढा बाजूला सारत, घामाघूम, पुटपुटत. "अंगठा लावू नका हो, डाग पडतो," आई वरून सांगत होती. शेवटच्या ओळीपाशी पोचल्यावर त्यांनी खांबाला हात घातला, कसेबसे उठले आणि दोन्ही गुडघे चोळत म्हणाले, "हे काही खरं नाही. ठणकतात नुसते. एकदा डॉक्टरला दाखवायला हवेत."

आईनं खुर्चीतून त्यांच्याकडे नीट बघितलं. ती हसली नाही, आवाजही चढवला नाही.

"हंगाम होऊ दे हो," ती म्हणाली.